कृमींची वसती आणि तिची मोजणी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



भिवापुरात समुद्राचा विषय निघावा, हे ऐकणाऱ्याला थोडे नवलाचे वाटेल. पश्चिमेचा समुद्र घ्या की पूर्वेचा, दोन्ही येथून शेकडो किलोमीटर दूर. या गावाचे नाव सर्वदूर पोचले ते मिरचीमुळे. परंतु आजच्या विषयाचे दार याच मिरचीने उघडून ठेवले आहे. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा तिचा रंग, तिखटपणा आणि कीर्ती सांगून काम भागले नाही. १९९९ च्या भौगोलिक मानांकन कायद्याप्रमाणे अर्जासोबत त्या प्रदेशाचा नकाशा द्यावा लागतो. वस्तू नेमकी कोठे आहे हे कागदावर दाखवता आले, तरच तिच्यासाठी संरक्षण मागता येते. शेतकरी कुटुंबांना हे नव्याने सांगण्याची गरज नाही. बांधाचा वाद निघाला की मोजणी आणावी लागते, आणि सातबाऱ्यावर नोंद नसेल तर तीन पिढ्यांची वहिवाटही तोंडीच राहते.

आजचा विषय अशाच एका वसतीचा आहे, जिच्या नावे जगातील बहुतेक किनाऱ्यांवर सातबारा निघालेलाच नाही. ही वसती माणसांची नाही. ती समुद्रातील कृमींनी वाळूचा एकेक कण जोडून बांधलेली आहे.

बांधणारे लहान जीव आपल्या परिसरात कमी नाहीत. शिवारातील वारूळ कोणी बांधले असे विचारले, तर शाळकरी मूलही वाळवीचे नाव सांगेल. नागपंचमीला ज्याची पूजा होते तो नाग त्या घरातील भाडेकरू होय. मातीचे कण लाळेने चिकटवून वाळवी जे जमिनीवर करते, तेच काम सॅबेलारिया या नावाने ओळखला जाणारा कृमी समुद्राच्या काठावर, लाटांच्या माऱ्यात करतो. प्रवाळभित्तीची चित्रे पाठ्यपुस्तकांतून सर्वांनी पाहिलेली असतात. कृमिभित्ती मात्र पाहूनही ओळखली जात नाही, कारण तिचा रंग वाळूचाच, आणि दुरून ती ओबडधोबड खडकासारखीच दिसते. जवळ जाऊन पाहावे तर तिच्या पृष्ठभागावर मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे हजारो तोंडे दिसतात. प्रत्येक तोंड म्हणजे एका नळीचे दार, आणि प्रत्येक नळीत एकच रहिवासी.

युरोपच्या पश्चिम किनाऱ्यावर आढळणारी सॅबेलारिया अल्व्हिओलाटा ही जात सर्वांत जास्त अभ्यासली गेली आहे. तिच्यातील प्रौढ कृमी तीन-चार सेंटिमीटर लांबीचा, म्हणजे करंगळीच्या दोन पेरांएवढा. डोक्यावर सोनेरी रंगाच्या राठ केसांचा मुकुट असतो. ओहोटीच्या वेळी पाणी उतरले की कृमी नळीत मागे सरकतो आणि हाच मुकुट झाकणासारखा दारावर बसतो. त्यामुळे आतला ओलावा टिकतो. भरती आली की झाकण उघडते आणि बारीक शुंडके बाहेर येतात. पाण्यातील सूक्ष्म अन्नकण आणि वाळूचे कण ही दोन्ही त्याच शुंडकांनी टिपली जातात; अन्न तोंडात जाते आणि वाळू बांधकामाला. तोंडाजवळील एका खास अवयवात प्रत्येक कणाची जणू परीक्षा होते. आकार बसला तर तो नळीच्या काठावर ठेवला जातो, नाही तर टाकून दिला जातो. शिंपल्यांचे चपटे तुकडे या कामी विशेष पसंत पडतात.

कण जोडण्याची पद्धत पाहण्याजोगी आहे. हा गवंडी विटेला सगळीकडून चुना लावत नाही. दोन कण जेथे टेकतात तेवढ्याच जागी तो चिकट द्रवाचे ठिपके ठेवतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावरील फ्रॅग्माटोपोमा या भाऊबंद प्रजातीत हा द्रव खाऱ्या पाण्याखाली अर्ध्या मिनिटाच्या आसपास घट्ट होतो आणि पुढील काही तासांत तपकिरी पडून कठीण बनतो. माणसाने बनवलेले बहुतेक गोंद ओल्या वस्तूला धरत नाहीत. म्हणून अमेरिकेतील युटा विद्यापीठात रसेल स्टुअर्ट यांच्या गटाने या कृमीच्या द्रवाच्या धर्तीवर मोडलेल्या हाडांचे तुकडे जोडता येतील असा गोंद तयार करण्याचे संशोधन केले. समुद्रकाठचा एक कृमी शल्यचिकित्सेच्या उपयोगी पडावा, हे खरे. तथापि उपयोग आहे म्हणूनच त्याला जगू द्यावे, असा युक्तिवाद या व्याख्यानात करावयाचा नाही.

एकाच्या नळीला लागून दुसऱ्याची नळी उभी राहते, तिच्यावर तिसऱ्याची. एका चौरस मीटरमध्ये हजारो, दाट वसतीत दहा हजारांच्या कितीतरी पट जीव राहतात. फ्रान्समध्ये मों-सें-मिशेल या प्रसिद्ध मठाच्या समोरील उपसागरात सेंत-आन नावाची कृमिभित्ती आहे. युरोपातील या प्रकारची ती सर्वांत मोठी बांधणी मानली जाते. तिचा विस्तार सुमारे १०० हेक्टर सांगितला जातो आणि काही ठिकाणी उंची माणसाच्या छातीपर्यंत जाते. त्या उपसागरात भरती-ओहोटीतील अंतर १४ मीटरच्या आसपास असते. म्हणजे चार मजली इमारत दिवसातून दोनदा बुडून पुन्हा कोरडी व्हावी, तसा तो प्रदेश. इतक्या वेगवान पाण्यातच ही जमात फोफावते, कारण लाटांनी वाळू उचलून आणली नाही तर बांधायला सामान मिळत नाही. शांत, स्वच्छ, निवळशंख पाणी आपल्याला रम्य वाटते. या कृमीच्या दृष्टीने तेथे उपासमार आणि बेघरपणा दोन्ही आहेत.

या भित्तीच्या फटींमध्ये खेकडे, शंखगोगलगायी, लहान शिंपले, समुद्रफुले आणि इतर जातींचे कृमी आसरा घेतात. सपाट वाळूच्या किनाऱ्यावर लपायला जागा नसते. भित्ती उभी राहिली की सावली, ओलावा आणि आडोसा निर्माण होतो. वसती करणारा एक आणि तिच्यावर जगणारे अनेक, असा हा संसार आहे.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. कृमीचे आयुष्य साधारण तीन ते पाच वर्षांचे, क्वचित त्याहून अधिक. भित्ती मात्र कितीतरी अधिक काळ टिकते. याचा अर्थ असा की, जुने रहिवासी जातात आणि नवे येऊन त्याच नळ्यांच्या काठावर घरे बांधतात. हे नवे रहिवासी कोठून येतात? नर आणि मादी आपली बीजे पाण्यात सोडतात, त्यांपासून सूक्ष्म अळ्या होतात आणि त्या कित्येक आठवडे, प्रसंगी काही महिने, समुद्रात तरंगत राहतात. इंग्लंडमधील प्लिमथ येथील सागरी प्रयोगशाळेत डग्लस विल्सन या शास्त्रज्ञाने या अळ्या वाढवून त्यांचे वर्तन वर्षानुवर्षे पाहिले. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षाचे सार असे की, स्थायिक होण्याची वेळ आलेली अळी तळाशी उतरून सरपटते, चाचपडते, आणि आपल्या जातीच्या कृमीने वाळू जोडताना वापरलेल्या द्रवाला तिचा स्पर्श झाला की तिचे रूपांतर होऊन ती तेथे वसते. साध्या वाळूवर ती टाळाटाळ करीत राहते. शेजार जवळ असून पुरत नाही; प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो. त्यातही लक्षणीय गोष्ट ही की, नळीत कृमी जिवंत असलाच पाहिजे असे नाही. पूर्वजांनी सोडून दिलेल्या पडक्या नळ्याही या अळ्यांना बोलावतात.

या सभेतील श्रोत्यांना येथे एक जुनी वर्गवारी आठवल्यावाचून राहणार नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात जीवांची मांडणी इंद्रियांच्या संख्येनुसार केलेली आहे आणि कृमी, शंख, शिंपला हे स्पर्शन व रसन अशी दोन इंद्रिये असलेले जीव, म्हणजे द्वींद्रिय, मानले आहेत. त्या वर्गवारीची प्राणिशास्त्राशी रकान्याला रकाना लावून बरोबरी करण्याचे कारण नाही. दोहोंचे हेतू वेगळे आहेत, आणि सूक्ष्मदर्शकाखाली या अळ्यांना प्रकाश जाणणारे ठिपकेही दिसतात. अशा ओढाताणीने शास्त्राचा मान वाढत नाही, विज्ञानाचाही नाही. परंतु ज्या जीवाविषयी सर्वसामान्य माणूस "त्याला काय कळते?" असे म्हणून पुढे जातो, त्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय स्पर्शावर ठरतो, एवढे मात्र प्रयोगाने दिसून आले आहे.

या निष्कर्षातून संरक्षणाचे सूत्र आपोआप निघते. भित्ती मुळापासून खरवडली गेली, तर नुसते त्या वेळचे कृमी मरत नाहीत. पुढच्या वर्षी प्रवाहाबरोबर येणाऱ्या अळ्यांना उतरण्याची खूणच उरत नाही. म्हणून रिकामी, ढासळलेली, काळी पडलेली भित्तीही राखली पाहिजे. गावातील ओस पडलेल्या वाड्याच्या भिंती काढून नेल्या, की परतणाऱ्या वारसाला आपली जागा सापडत नाही. तसेच हे आहे. निव्वळ जिवंत कृमी मोजून "येथे काही उरले नाही" असा शेरा मारणारा अधिकारी प्रामाणिक असूनही चुकू शकतो.

आणि भित्ती नष्ट होण्याची कारणे तर साधीसुधी आहेत. तिच्यावरून चालणाऱ्यांचे पाय, मासेमारीच्या आमिषासाठी कृमी उकरणे, फटींतील शिंपले काढण्यासाठी लोखंडी पहारीने मोठाले तुकडे पाडणे. मों-सें-मिशेलच्या उपसागरात बाहेरून आणलेल्या कालवांची वाढ भित्तीवर पसरून तिला झाकू लागली आहे, ही आणखी एक चिंता. निसर्गाचा तडाखाही बसतो. १९६२-६३ च्या हिवाळ्यात ब्रिटनमध्ये असाधारण थंडी पडली, तेव्हा तेथील किनाऱ्यावरील या कृमींची मोठी हानी झाली. खोल पाण्यातील सॅबेलारिया स्पिन्युलोसा या जातीला धोका ओढजाळ्यांचा. जर्मनीच्या उथळ समुद्रातून तिच्या मोठ्या भित्ती नाहीशा होण्यामागे कोळंबीसाठी तळ खरवडणारी मासेमारी हे एक कारण मानले जाते. त्या मच्छीमारांच्या मनात कृमींविषयी वैर असण्याचे काही कारण नव्हते. जाळ्याखाली काय येते आहे हे दाखवणारा कागद त्यांच्या नावेत नव्हता.

तो कागद कसा तयार होतो, हे आता थोडे सविस्तर पाहू, कारण मोजणी म्हटली की साखळी आणि खांब डोळ्यांसमोर येतात आणि समुद्रात ते चालत नाही.

भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील भित्तीची मोजणी चालत जाऊन करता येते. फक्त तिथी पाहावी लागते. अष्टमी-चतुर्दशी पाळणाऱ्या कुटुंबांना चंद्राचा हिशेब वेगळा शिकवायला नको. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा पाणी जसे खूप चढते तसेच खूप उतरते आणि एरवी बुडालेला भाग उघडा पडतो. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढही थोडा आणि उतारही थोडा. मोजणीदार उधाणाच्या ओहोटीला उतरतो. हातात उपग्रहाच्या आधारे स्थान सांगणारे यंत्र घेऊन तो भित्तीच्या कडेकडेने फिरतो, जसे शेताच्या बांधावरून फिरावे, आणि तिची हद्द नकाशावर उमटते. वेळ मोजका असतो. पाणी परतू लागले की काम अर्धे टाकून निघावे लागते, आणि उरलेली हद्द पुढच्या उधाणाला.

केवळ हद्द आखून भागत नाही. भित्ती किती उंच आहे, सलग आहे की ठिगळाठिगळांची, नळ्यांची तोंडे ताजी व धारदार आहेत की झिजलेली, हे लिहावे लागते. फ्रान्समधील संशोधकांनी विमानातून लेसर किरण सोडून मों-सें-मिशेलच्या भित्तीची उंची मोजली आणि तिच्यातून बांधणीचे एकूण घनफळ काढले. खोल पाण्यात, जेथे चालणे शक्य नाही, तेथे जहाजातून ध्वनिलहरी सोडतात. तळावरून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून उंचसखलपणाचे चित्र तयार होते. पण प्रतिध्वनीला कृमिभित्ती आणि खडकाळ तळ यांतील फरक नेहमी कळत नाही. म्हणून संशय येईल तेथे कॅमेरा खाली सोडून खात्री करून घ्यावी लागते. नकाशावरील प्रत्येक रंगामागे अशी खातरजमा असेल, तरच तो नकाशा न्यायालयात टिकतो.

आणि येथे एक कायदेशीर पेच उभा राहतो, जो महसूल खात्याशी संबंध आलेल्यांना ओळखीचा वाटेल: भित्ती म्हणायचे कशाला? युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास-निर्देशात समुद्रातील भित्तींना संरक्षण आहे आणि जीवांनी बांधलेल्या भित्ती त्यात येतात. पण चार नळ्या चिकटलेला दगड म्हणजे भित्ती काय? खनिज-वाळू काढणारी किंवा समुद्रात पवनचक्क्या उभारणारी कंपनी नाही म्हणणार, निसर्गप्रेमी हो म्हणणार. ब्रिटनमध्ये २००७ साली स्पिन्युलोसाच्या बाबतीत यासाठी मापदंड सुचवण्यात आले. नळ्यांच्या थराची उंची दोन सेंटिमीटरहून कमी, विस्तार २५ चौरस मीटरहून कमी किंवा व्यापलेली जागा दहा टक्क्यांहून कमी असेल तर ती भित्ती नव्हे. त्याच्या वर गेल्यास निम्न, मध्यम, उच्च अशा प्रती ठरतात. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाचे एक पेर. एवढ्या सूक्ष्म रेषेवर एखाद्या प्रकल्पाचा मार्ग बदलावा किंवा बदलू नये, हे ठरू लागले. कोणाला हा किस काढणे वाटेल. परंतु अशी रेषा नसेल तर निर्णय नेहमी ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागतो.

नकाशा असला म्हणजे वसती वाचतेच, असेही मानू नये. स्कॉटलंडमधील लॉख क्रेरन या खाडीत सर्प्युला नावाच्या दुसऱ्या एका कृमीच्या भित्ती आहेत. हा कृमी वाळू जोडत नाही. तो चुन्याची पांढरी नळी स्वतःच स्रवतो आणि अशा नळ्यांचे गुंतवळे झुडपासारखे वाढतात. जगात अशी ठिकाणे बोटांवर मोजण्याइतकी. जवळच्या लॉख स्वीन या खाडीतील अशाच भित्ती मेल्या. म्हणून क्रेरनची पाहणी १९९० च्या दशकात पाणबुड्यांनी आणि ध्वनियंत्रांनी काळजीपूर्वक केली, खाडीला विशेष संरक्षण मिळाले, तळ खरवडणाऱ्या मासेमारीला बंदी झाली. तरीही २०१० च्या दशकातील पाहणीत तेथील भित्तींची मोठ्या प्रमाणावर पडझड झालेली दिसली. हे अपयश आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पण स्वीन आणि क्रेरन या दोन नुकसानींत फरक आहे. क्रेरनमध्ये कोणती भित्ती, कोठे, किती उंचीची होती आणि केव्हापर्यंत उभी होती, हे सांगता येते. त्यामुळे कारणांचा शोध घेता येतो. स्वीनच्या बाबतीत शोधाला धरायला तेवढाही धागा नाही.

आपल्या देशाकडे वळताना प्रथम एका फ्रेंच विद्वानाचे नाव घ्यावे लागते. पियर फोव्हेल यांचा भारतातील समुद्री वलयी कृमींवरील मोठा ग्रंथ १९५३ साली अलाहाबादहून प्रसिद्ध झाला आणि आजही या विषयाचा अभ्यासक प्रथम तोच उघडतो. वाळूच्या नळ्या बांधणाऱ्या या कुळाच्या जाती भारतीय किनाऱ्यावर आहेत. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेचे जी. पी. कुमारस्वामी आचारी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी या कुळावर आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील त्याच्या अधिवासावर निबंध लिहिला. म्हणजे हा जीव परदेशातील नवलाई नव्हे. तो पश्चिम समुद्रातील आपला शेजारी आहे.

कायद्यात त्याचे स्थान काय? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारे कठीण प्रवाळ २००१ साली आले. त्याचा परिणाम मुंबईत दिसला. किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अली येथे प्रवाळांच्या लहान वसाहती आढळल्या, तेव्हा २०२० साली वनखात्याची परवानगी घेऊन आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मदत घेऊन त्या दुसरीकडे हलवाव्या लागल्या. हलवणे योग्य की अयोग्य, हा वाद वेगळा. पण प्रचंड खर्चाच्या कामाला तळहाताएवढ्या जीवांसाठी थांबून विचार करावा लागला, तो अनुसूचीतील एका ओळीमुळे. वाळू जोडणारा कृमी त्या अनुसूचीत नाही. २०११ आणि २०१९ या दोन्ही किनारा नियमन अधिसूचनांत अतिसंवेदनशील क्षेत्रांची यादी आहे: कांदळवने, प्रवाळभित्ती, वाळूच्या टेकड्या, जिवंत चिखलपट्टे, खारी दलदल, कासवांची अंडी घालण्याची ठिकाणे, नालेच्या आकाराच्या खेकड्यांचे अधिवास, सागरी गवत, पक्ष्यांची घरटी. यादी लांब आहे आणि विचारपूर्वक केलेली आहे. कृमिभित्तीचे नाव तिच्यात नाही. भरती-ओहोटीमधील पट्टा म्हणून तिला जे सर्वसाधारण संरक्षण मिळते तेवढेच.

ही उणीव भरून निघण्यासारखी आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला नागपूरच्या बाहेर जाण्याची गरज नाही. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र नागपुरात आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या या शहरात मुंबई आणि नवी मुंबईच्या कांदळवनांचे नकाशे तयार झाले. २००५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवनांच्या तोडीला मनाई केली, त्यांच्यापासून ५० मीटरच्या आत बांधकामाला बंदी घातली आणि उपग्रहचित्रांवरून त्यांची आखणी करण्यास सांगितले. त्याआधी खाजणातील हे झाड म्हणजे डासांचे आणि कचऱ्याचे घर, अशीच सर्वसाधारण समजूत होती. नकाशा झाला, सर्व्हे नंबर निघाले, शासकीय जमिनीवरील कांदळवने वनखात्याकडे येऊ लागली आणि २०१२ साली स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भराव घालणारे त्यानंतरही होते. पण "येथे कांदळवन कधी नव्हतेच" असे सांगणे त्यांना कठीण झाले.

कृमिभित्तीच्या बाबतीत उपग्रह एकटा पुरा पडणार नाही. कांदळवन हिरवे दिसते. ही भित्ती वाळूत वाळूच्याच रंगाची, त्यात अरबी समुद्राचे किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ. तेथे पायच लागतात, आणि किनाऱ्यावर रोज पाय ठेवणाऱ्यांची माहिती लागते. मालवणचा सागरी अभयारण्याचा अनुभव येथे विसरता येत नाही. १९८७ साली सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून जाहीर झाले. हेतू चांगला होता. परंतु ज्यांची उपजीविका त्या पाण्यावर होती, त्या मच्छीमारांना विश्वासात घेतले गेले नाही आणि त्यांचा विरोध पुढे दीर्घकाळ राहिला. नकाशावर रेघ ओढणाऱ्याने प्रथम त्या पाण्यात जाळे टाकणाऱ्याला विचारावे, हा साधा शिष्टाचार तेव्हा पाळला गेला नाही. कोठे पाय कापतो, कोठे जाळे अडकते, कोठला "खडक" दरवर्षी वाढतो, हे त्याला ठाऊक असते. तो ज्याला वाढणारा खडक म्हणतो, ती कदाचित भित्तीच असेल.

सामान्य नागरिकही यात काय करू शकतात, याचे उदाहरण मुंबईत आहे. २०१७ पासून "मरीन लाइफ ऑफ मुंबई" या उपक्रमात लोक ओहोटीच्या वेळी जुहू, हाजी अलीसारख्या किनाऱ्यांवर जातात, दगड उलटला तर पुन्हा जागेवर ठेवतात, दिसलेल्या जीवाचे छायाचित्र, स्थळ आणि वेळ नोंदवतात. जीव उचलून आणत नाहीत. फ्रान्समध्ये इफ्रेमर या सागरी संशोधन संस्थेने सॅबेलारियाच्या भित्तींसाठी अशीच नागरिकांची मदत घेतली. तेथे संग्रहालयांतील जुन्या नोंदीही धुंडाळल्या गेल्या, आणि "शोधले, आढळली नाही" अशा नोंदींनाही तेवढेच मोल दिले गेले. आपल्याकडे नकाराची नोंद करण्याची सवय कमी आहे. न सापडलेली वस्तू लिहून ठेवणे निरर्थक वाटते. प्रत्यक्षात पंचवीस वर्षांनी ती सापडली, तर ती नव्याने आली हे त्या नोंदीशिवाय कसे कळणार?

ज्या विल्सनच्या प्रयोगांचा उल्लेख वर आला, त्याच्या कामाची दुसरी बाजू प्रयोगशाळेच्या बाहेरची होती. इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावर डकपूल नावाची एक छोटी खाडी आहे. तेथील खडकांवरील कृमिभित्ती तो १९६१ पासून १९७५ पर्यंत पाहत राहिला. त्याच खडकांची छायाचित्रे तो पुन्हा पुन्हा घेत असे. त्यांत एखादी वसाहत जन्मलेली, वाढलेली, वादळात फुटलेली आणि जुन्या तुकड्यांवर पुन्हा उभी राहिलेली क्रमाने दिसते. किनाऱ्यावरील या कामाला लागत होता एक कॅमेरा, एक वही आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक. ती छायाचित्रे आणि टिपणे आजचे संशोधक त्याच खडकांसमोर उभे राहून ताडून पाहू शकतात.